एक्स्चेंज २०१६ जुन्या डोमेनमधून काढून नव्याला जोडला तर चालेल का?

एकटा_अ‍ॅडमिन

आमची कंपनी एका मोठ्या समूहाने घेतली. त्यांची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे यूजर आणि मशीनची केंद्रीय नोंदवही) वेगळी, आमची वेगळी, आणि आमच्या डोमेनच्या शेपटाला अजून ते जुनं ‘डॉट लोकल’ (फक्त आतल्या नेटवर्कवर चालणारं नाव) लटकतंय. मेल सर्व्हर एक्स्चेंज २०१६, मेलबॉक्स १४०, सगळे डेटाबेस मिळून सव्वा टीबी. आयटी विभाग म्हणजे मी.

साहेबांचं म्हणणं, “शनिवारी रात्री जुन्या डोमेनमधून काढ, नव्याला जोड, रीस्टार्ट मार. लॅपटॉपचं करतोस ना, तसंच.” वाद घालण्यापेक्षा सर्व्हरची आणि नव्या डीसीची (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) कॉपी बंद नेटवर्कवर टाकून करूनच पाहिलं. डोमेन बदलायला विंडोजने काही हरकत घेतली नाही. रीस्टार्टनंतर मात्र ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी टोपोलॉजी’ ही सर्व्हिस ‘स्टार्टिंग’वर जी अडकली ती अडकलीच, आणि तिच्यामागे बाकी सगळ्या रांगेत उभ्या.

यावर काही युक्ती आहे का? नसेल तर साहेबांना समजेल असं काय सांगू? लोकांचे मेलचे पत्ते बदलायचे नाहीत, ते आहेत तेच राहणार.

रात्रपाळी

युक्ती नाही. शोधण्यात वेळही घालवू नका. एक्स्चेंज बसवलेल्या मशीनचं डोमेन बदलणं सपोर्टेडच नाही. त्याचा निम्मा जीव एडीत असतो: कनेक्टर (मेल ये-जा करण्याच्या वाटा), पॉलिसी, डेटाबेसच्या नोंदी फॉरेस्टच्या (एका एडीतल्या सगळ्या डोमेनचा समूह) कॉन्फिगरेशन पार्टिशनमध्ये, आणि कुठला मेलबॉक्स कुणाचा हे यूजर ऑब्जेक्टवर. तुम्ही मशीन नेलंत, हे सगळं मागेच राहिलं.

साहेबांना सांगा, लॅपटॉप ही घागर आहे, एक्स्चेंज ही विहीर. विहीर उचलून नेता येत नाही, दुसरी खणून पाणी न्यावं लागतं.

एक सांगा, नवं डोमेन तुमच्याच फॉरेस्टमध्ये आहे की फॉरेस्टच वेगळं? एकच असेल तर तिथे प्रिपेअर-डोमेन (एक्स्चेंजसाठी डोमेन तयार करणारा सेटअप) चालवा, नवा सर्व्हर बसवा, मेलबॉक्स सरकवा. फारसा ताप नाही.

एकटा_अ‍ॅडमिन

फॉरेस्टच वेगळं. ट्रस्ट (एकमेकांचे लॉगिन मानण्याची सोय) दोन्ही बाजूंनी झालाय. तिकडे एक्स्चेंजची नवी सबस्क्रिप्शन एडिशन चालू आहे. मग माझा बेत असा: प्रत्येकाची पीएसटी (मेलबॉक्सची आउटलुक फाइल) काढायची, तिकडे कोरा मेलबॉक्स बनवायचा, पीएसटी आत ओतायची. १४० तर आहेत, दोन शनिवार-रविवारांत उरकेल.

रात्रपाळी

पीएसटीच्या वाटेला जाऊ नका. मी गेलोय.

आमचंही असंच उरकलं होतं, रविवारी संध्याकाळी मी खुशीत घरी. सोमवारी सकाळी सव्वानऊला हिशेब विभागातल्या बाईंचा फोन: शेजारच्याच टेबलावरच्या माणसाला मेल जात नाही, परत येतोय. परत आलेल्या मेलमध्ये पत्ता बघतो तर ‘आयएमसीइएइएक्स’ने सुरू होणारी दीड ओळीची अगम्य माळ. दहा वाजेपर्यंत असे वीसेक फोन. बाहेरचा मेल झकास येतोय-जातोय, आतल्या आत मात्र बोंब!

कारण असं की आपल्याच संस्थेतल्या माणसाचं नाव आउटलुक लक्षात ठेवतो तेव्हा @ वाला पत्ता ठेवत नाही, एडीतलं ‘लेगसी एक्स्चेंज डीएन’ (एक्स्चेंजचा आतला पत्ता) ठेवतो. कोऱ्या मेलबॉक्सला नवं डीएन मिळतं, जुनं कुणाच्या ओळखीचं राहत नाही. जुन्या मेलला रिप्लाय, आधी ठरलेल्या मीटिंगमधले बदल, सगळं त्यातच मरतं. उपाय एकच, प्रत्येकाच्या प्रॉक्सी अ‍ॅड्रेसेसमध्ये (एडीतली त्या माणसाच्या सगळ्या पत्त्यांची यादी) जुनं डीएन एक्स-५०० पत्ता म्हणून घालायचं. मी ते दुपारी, फोन खांद्यात धरून केलं.

क्रॉस-फॉरेस्ट मूव्ह (एका फॉरेस्टमधून दुसऱ्यात मेलबॉक्स थेट हलवणं) करा. प्रिपेअर-मूव्ह-रिक्वेस्ट ही स्क्रिप्ट आधी चालवा, ती हे एक्स-५०० स्वतःच घालते. एडीएमटी (यूजर खाती हलवणारं साधन) त्यानंतर. क्रम उलटा झाला तर स्क्रिप्टला ‘यूज लोकल ऑब्जेक्ट’ द्यावं लागतं. तुमच्या बाजूला ईडब्ल्यूएसवर (एक्स्चेंजची वेब सेवा) एमआरएस प्रॉक्सी (मेलबॉक्स बाहेर न्यायचा दरवाजा) चालू करा, आणि त्यावरचं सर्टिफिकेट नव्या सर्व्हरला विश्वासाचं हवं. ‘डॉट लोकल’ नावाचं सर्टिफिकेट बाहेरून मिळणार नाही, नोव्हेंबर २०१५ पासून ते देणं बंद आहे. बाहेरचंच नाव वापरा. मूव्ह आठवडाभर आधी सुरू करून ‘सस्पेंड व्हेन रेडी टू कम्प्लीट’ लावा. ९५ टक्क्यांवर थांबून राहतं, लोक जुन्यावर काम करत राहतात, शेवटचं थोडं रात्री.

पत्ता दोन्हीकडे तोच आहे, म्हणून नव्या बाजूला तुमचं मेल डोमेन ‘इंटर्नल रिले’ (इथे न सापडलेल्या पत्त्याचा मेल पुढे पाठवणारं) ठेवा, सेंड कनेक्टर जुन्या सर्व्हरकडे. जुन्याकडून नव्याकडे मेल वळवायला मात्र एक वेगळं सबडोमेन लागेल. नाहीतर दोन सर्व्हर एकाच मेलची टोलवाटोलवी करत बसतात.

आणि साहेब व त्यांचे सहायक एकाच बॅचमध्ये घ्या. एक इकडे, एक तिकडे झाला की कॅलेंडरच्या परवानग्यांचा विचका होतो, आणि तो नेमका साहेबांनाच दिसतो.

जुना_टपाली

वरचं सगळं बरोबर. माझी भर फक्त माणसं नसलेल्या मेलबद्दल. स्कॅनर, यूपीएस, बॅकअपचे अलर्ट, ईआरपी, हे सगळे जुन्या सर्व्हरचा आयपी थेट टाकून बसलेले असतात आणि त्यांना मूव्ह-बिव्ह कळत नाही. रिसीव्ह कनेक्टरवर (येणारा मेल घेणारी वाट) प्रोटोकॉल लॉगिंग आजच व्हर्बोज (सविस्तर) करा आणि महिनाअखेर त्यात येऊ द्या, कारण काही यंत्रं महिन्यातून एकदाच तोंड उघडतात.

एमएक्स (बाहेरचा मेल कुठे यावा हे सांगणारी डीएनएस नोंद) सगळ्यात शेवटी हलवा, टीटीएल (ती नोंद इतरांनी किती सेकंद लक्षात ठेवायची) आधीच ३०० वर आणून. त्या रात्री सर्व्हर तासभर बंद राहिला तरी घाबरू नका, पाठवणारे सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतात. आरएफसी ५३२१ मध्ये (मेल पाठवण्याचं मानक) तर किमान चार-पाच दिवस करत राहावं असं म्हटलंय. बाहेर जाण्याचा आयपी बदलणार असेल तर एसपीएफ आणि पीटीआर (पाठवणारा सर्व्हर खरा हे दाखवणाऱ्या डीएनएस नोंदी) आधी दुरुस्त करा.

एकटा_अ‍ॅडमिन

साहेबांना विहीर पटली. तीन आठवडे मिळालेत.

लॉगिंग लावलं. दोन दिवसांत अकरा आयपी सापडले, दहा ओळखीचे. अकरावा रोज पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी एक मेल पाठवतो, तोही तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर. पिंगला उत्तर देतो. आता स्विचच्या पोर्टवरून केबलचा माग काढत निघालोय, सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या फॉल्स सीलिंगपर्यंत पोचलो आहे.