डेटाबेस रचना आणि बिझनेस इंटेलिजन्स (धंद्याच्या माहितीवरून अहवाल काढणे) ऑनलाइन शिकायचे आहे : सल्ला हवा (इंदूर, ३,००० रुपयांपर्यंत)

लोकमान्यनगरकर :
नमस्कार मंडळी. मी सियागंजातील एका घाऊक किराणा पेढीत नऊ वर्षांपासून हिशेब पाहते. टॅली आणि एक्सेल मला चांगले येते, पण विक्रीचा सगळा तपशील एकाच पत्रकात भरलेला आहे. त्यात साबुदाणा चार तऱ्हांनी लिहिलेला आहे. शिवाय भाव सूत्राने दरपत्रकातून येत असल्यामुळे आज भाव बदलला की चैत्रातली विक्रीसुद्धा नव्या भावाने दिसू लागते. कोणता माल कोणत्या गावी किती जातो, हे मालकांना दिवाळीच्या खरेदीआधी हवे आहे. विंडोजचा जुना, ४ जीबीचा लॅपटॉप आहे आणि रोज रात्री एक तास मिळतो. कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

रामबागवाले :
एनपीटीएल या ऑनलाइन शिक्षणमंचावर आयआयटी खरगपूरचे प्रा. पार्थप्रतिम दास यांचा डेटाबेसचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आहे, तोच करावा. व्याख्याने विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा द्यायची, आणि तिचे शुल्क माझ्या वेळी १,००० रुपये होते. मी बावन्नाव्या वर्षी केंद्रावर जाऊन ती परीक्षा दिली आणि ७८ गुण मिळवले. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल (माहिती टेबलांत मांडण्याच्या) पद्धतीपासून सुरुवात केल्याशिवाय पुढचे काही पक्के होत नाही.

सुदामानगर_४५२ :
ताई, आधी लॅपटॉप बदला. मी गेल्या वर्षी ७२,००० रुपयांचा, १६ जीबीचा घेतला आणि तेव्हापासून एकदाही काम अडलेले नाही. ४ जीबीवर हे सगळे चालणे कठीण आहे.

रामबागवाले :
त्यांनी ३,००० रुपये सांगितले आहेत. पोस्टग्रेस हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर ४ जीबीवर व्यवस्थित चालते. मी स्वतः वापरतो.

पलासिया_विश्लेषक :
भंवरकुआ भागातल्या एका क्लासला मी ४५,००० रुपये दिले आणि चार महिने केवळ कोणते बटण कुठे आहे एवढेच शिकलो, हे दुःख अजून जात नाही. त्यानंतर कोर्सेरा या संकेतस्थळावर कोलोराडो विद्यापीठाची डेटा वेअरहाउसिंगची (अहवालांसाठी माहितीचा एकत्र साठा रचण्याची) मालिका केली, आणि टेबले अशीच का मांडायची हे तिथे प्रथमच कळले. शुल्क महिन्याच्या हिशेबाने पडते, त्यामुळे संथपणे शिकलात तर तुमची मर्यादा ओलांडली जाईल. मात्र आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. सरावाला मायएसक्यूएल हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर घ्या.

रामबागवाले :
मायएसक्यूएलविषयी माझा अनुभव वाईट आहे. ८.०.१६ च्या आधीच्या आवृत्त्यांत चेकची अट (उदाहरणार्थ, साठा शून्याखाली जाऊ नये असा नियम) लिहिली तर ती बिनतक्रार स्वीकारली जाई, पण पाळली जात नसे. माझ्या साठ्यात उणे २० पोती नोंदली गेली होती आणि ते मला वार्षिक मोजणीच्या वेळी समजले.

पलासिया_विश्लेषक :
ती त्रुटी २०१९ मध्येच दूर झाली. आज शिकणाऱ्याला तिची भीती घालू नये.

माहेर_इंदूर_सासर_वडोदरा :
ताई, तुमच्या दोन्ही अडचणी रचनेच्या आहेत. त्या कोणत्याही यंत्राने किंवा प्रमाणपत्राने सुटणार नाहीत. मालाची एक वेगळी यादी करा, तिच्यात प्रत्येक जिनसाला एक क्रमांक द्या, आणि बिलाच्या ओळीत नाव न लिहिता तो क्रमांकच लिहा. म्हणजे साबुदाणा एकदाच लिहिला जाईल. भावाचे मात्र उलट आहे. विक्रीच्या दिवशीचा भाव बिलाच्या ओळीतच कायमचा नोंदवून ठेवायला हवा, कारण तो त्या व्यवहाराचा भाग आहे आणि दरपत्रक फक्त आजचा भाव सांगते. अहवालासाठी मध्यभागी विक्रीच्या ओळींचे टेबल आणि भोवती माल, गिऱ्हाईक, गाव व तारीख यांची टेबले, अशी मांडणी करतात. तिला स्टार स्कीमा म्हणतात, आणि राल्फ किम्बॉल यांनी ती रूढ केली. हे एवढे कळले की पॉवर बीआय डेस्कटॉप हा अहवाल बनवण्याचा प्रोग्राम विनामूल्य उतरवून घ्या. ४ जीबीवर तो संथ चालेल, पण चालेल. टॅब्लो पब्लिक हा तशाच कामाचा प्रोग्राम टाळा, कारण तिथे प्रकाशित केलेले सगळ्यांना दिसू शकते आणि पेढीचे भाव असे उघडे पडणे बरे नाही.

रामबागवाले :
स्टार स्कीमात गावाचे आणि जिल्ह्याचे नाव पुन्हा पुन्हा येते, म्हणजे तिसऱ्या नॉर्मल फॉर्मचा (टेबलांत तीच माहिती पुन्हा पुन्हा न लिहिण्याच्या नियमाचा) भंग होतो. नवशिक्याला आरंभीच ही सवय लावणे मला मान्य नाही.

माहेर_इंदूर_सासर_वडोदरा :
नोंदी करण्यासाठी तिसरा नॉर्मल फॉर्म योग्यच आहे. अहवालाचे टेबल केवळ वाचायचे असते, म्हणून तिथे ही पुनरुक्ती चालते.

राजवाडा_परिसर :
वर सांगितलेच आहे, तरी पुन्हा सांगतो : एनपीटीएल करा. आणि आधी नॉर्मलायझेशन (टेबलांतली पुनरुक्ती काढणे), मग पोस्टग्रेस, शेवटी पॉवर बीआय, हा क्रम मोडू नका.

सुदामानगर_४५२ :
क्रम कोणताही ठेवा, पण माझ्या यंत्रावर हेच काम पाच मिनिटांत झाले असते.

लोकमान्यनगरकर :
सर्वांचे मनापासून आभार. पुष्कळ विचार करून मी क्रम उलटाच ठेवायचे ठरवले आहे : आधी पॉवर बीआय, कारण दिवाळीची खरेदी माझ्यासाठी थांबणार नाही. एनपीटीएलची व्याख्याने जानेवारीत सुरू करीन आणि परीक्षाही देईन. लॅपटॉप तोच राहील. मालकांना अहवाल माझ्याच पडद्यावर दाखवीन, कारण इतरांना तो ऑनलाइन पाहू द्यायचा तर सशुल्क परवाना लागतो, असे समजले. वडोदऱ्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मालाची यादी वेगळी केली. ४१२ नावांची २६७ उरली, आणि साबुदाण्याला ३८ क्रमांक मिळाला. जुन्या बिलांवरचे भाव आता मूळ वह्यांतून काढून ओळीओळीने भरते आहे. चैत्र झाला, वैशाख अर्धा राहिला आहे.