पंचाहत्तरीची उपकारस्तुती: माजी सैनिकासाठी उपासना कशी बसवावी?

मोहननगरचा_धाकटा
वडील ईएमईतून (लष्कराची गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) नायब सुभेदार म्हणून 1996 ला निवृत्त. फेब्रुवारीत पंचाहत्तरी. सत्कार नको, चर्चमध्ये उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानण्याची) उपासना हवी, एवढंच त्यांचं म्हणणं. चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), नागपुरात सदरला, उपासना मराठीत. पाळकसाहेबांनी क्रमाचा मसुदा आम्हालाच करून आणायला सांगितलंय. अडलंय ते असं:
घरातले सगळे वाचनासाठी बायबलमधलं स्तोत्र 91 म्हणतात. ते घ्यावं का?
साक्ष द्यायला (देवानं आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर सांगायला) वडील तयार नाहीत. "मी कुठं लढलो? 71 ला गाड्याच तर दुरुस्त करत होतो."
कामठीहून त्यांचे जुने सोबती येतील, बरेचसे हिंदू, दोन शीख. 71 च्या लढाईत गेलेल्या एका सोबत्याची पत्नीही येणार आहे.
मेडलं घालायची का? काळी पडलीत, ब्रासोने (धातूच्या पॉलिशने) चकाकवू का?

बर्डीचा_वाचक
91 नको, भाऊ. सातवी ओवी काढून बघा: तुझ्या बाजूला हजार पडतील, उजवीकडे दहा हजार पडतील, पण तुला काही होणार नाही. शिपायांच्या खिशात हे स्तोत्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलंय, कारण लढाईला जाताना ते मागणं असतं. पंचावन्न वर्षांनी तेच उपकारस्तुती म्हणून वाचलं की अर्थ उलटतो. जो "पडला" त्याची पत्नी तिथंच बसलेली असणार. तिनं काय समजायचं, देवानं हिशेबात तिचा नवरा वगळला? "देवानं मला वाचवलं" या वाक्यालाही हाच धोका आहे. "मला आयुष्य मिळालं, त्याचे उपकार" म्हटलं की कोणाशी तुलना उरत नाही.
त्याऐवजी स्तोत्र 124 घ्या, ते सगळं "आम्ही" म्हणून बोलतं. किंवा 116, बाराव्या ओवीपासून. उतराई कसा होऊ, हाच तिथला प्रश्न आहे. 144 ची पहिली ओवी (हातांना युद्ध शिकवणारा देव) पाहुण्यांसमोर टाळलेली बरी.
मुख्य वाचन मात्र 1 शमुवेल 30, ओवी 9-10 आणि 21 ते 25. वडिलांच्या "गाड्याच दुरुस्त करत होतो" याला तिथं नेमकं उत्तर आहे. दावीदाच्या सहाशे माणसांतले दोनशे थकून बसोर ओढ्याशी सामानापाशी थांबतात. लूट आल्यावर काही जण म्हणतात, यांना कशाला वाटा? दावीद ठरवतो: लढायला गेला त्याचा आणि सामान राखलं त्याचा वाटा सारखाच. आणि तो तिथंच नियम करून टाकतो. वर्कशॉपवाल्यासाठी याहून नेमका उतारा मला तरी माहीत नाही. घर सांभाळलेल्या तुमच्या आईलाही तो लागू पडतो, उपदेशात तेवढं यावं अशी पाळकसाहेबांना विनंती करा.

पेटीवाली_ताई
साक्ष जबरदस्तीनं नको. उभं राहून बोलायचं नसेल तर मुलाखतीसारखं करा: तुम्ही तीन प्रश्न विचारा, ते बसून उत्तर देतील. प्रश्न आधी कागदावर द्या. "तुमचा सगळ्यात कठीण प्रसंग कोणता?" हा प्रश्न नकोच, कित्येकांना तो माइकसमोर झेपत नाही आणि मग शांतता लांबत जाते. उलट "रात्री गाडी आली की आधी काय तपासायचात?" असं विचारा, हात आठवतात आणि माणूस बोलता होतो. दुसरा, युनिटात प्रार्थना कुठं आणि कोणाबरोबर व्हायची? ख्रिस्ती जवान थोडे, सर्वधर्म स्थळ एकच, त्यामुळे यावर सोबत्यांनाही सांगण्यासारखं असतं. तिसरा, कोणाचे उपकार मानायचे राहिले? एवढ्याला सात मिनिटं पुरतात.
एकूण उपासना 60 मिनिटांच्या वर नेऊ नका. भजन, प्रार्थना, दोन वाचनं, मुलाखत, उपदेश 12 मिनिटं, उपकारस्तुतीचं दान, विनंत्या (इतरांसाठीच्या प्रार्थना), आशीर्वाद. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) या उपासनेत घेऊ नका, निम्मे पाहुणे अवघडतात. विनंत्यांत गेलेल्या सोबत्यांची नावं हुद्द्यासह घ्या. हुद्दा जुन्या कागदावरून तपासा, घरच्यांच्या आठवणीवर सोडू नका. शत्रूच्या बाजूनं मारल्या गेलेल्यांच्या घरच्यांसाठीही एक ओळ हवी. मत्तय 5:44 ("आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा") नुसतं भिंतीवर लावायचं नसतं.
लास्ट पोस्टची (लष्करी बिगुलाच्या धुनेची) रेकॉर्डिंग लावू नका, ती मृतांसाठी असते. शाल द्यायचीच तर उपासनेनंतर हॉलमध्ये, वेदीसमोर नाही. पुरुषांनी आत टोपी काढायची, शिखांची पगडी अर्थात राहणार; दारावरच्या पोरांना हे आधी सांगून ठेवा. क्रमाचा कागद 16 पॉइंटात छापा. तोफखान्यातले कोणी असतील तर पहिल्या दोन बाकांवर बसवा, त्यांचे कान बहुतेक गेलेले असतात.

कॅथलिक_जरीपटका
आमच्यातलं कोणी हे वाचत असेल तर: पॅरिश ऑफिसात मिस्साचा हेतू नोंदवताना "उपकारस्तुती" असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर वय बघून आजारी माणसासाठी असल्याचं गृहीत धरलं जातं. साक्ष प्रवचनाच्या जागी चालत नाही. कम्युनियननंतरची प्रार्थना झाल्यावर, शेवटच्या आशीर्वादाआधी दोन मिनिटं मागून घ्या.

मोहननगरचा_धाकटा
1 शमुवेल वडिलांना वाचून दाखवलं. "हे चालेल" म्हणाले. मेडलांचं कोणी सांगेल का? आणि दानाचं, त्यांना अर्धं सैनिकांसाठी द्यायचंय.

रिबनवाला
मेडलं घाला. बंदगळा किंवा कोट, डाव्या छातीवर. स्वतःची डावीकडे, वारलेल्या वडिलांची किंवा पतीची घातली तर उजवीकडे. गेलेल्या सोबत्याच्या पत्नीला हे आधी फोनवर सांगा, त्यांनाही घालून यावंसं वाटेल. सकाळची वेळ असेल तर मोठी मेडलं, छोटी संध्याकाळच्या मेजवानीला. बारवरचा (मेडलं अडकवलेल्या पट्टीवरचा) क्रम बदलू नका.
ब्रासो नाही! पश्चिमी स्टार असो की संग्राम मेडल, घासून घासून उठाव झिजतो आणि पांढरी पूड रिबनीत बसते, ती निघत नाही. मऊ कोरड्या सुती कापडाने पुसा. काळपटपणा राहिला तर राहू द्या. रिबन धुवू नका, रंग एकमेकांत उतरतात. फाटली असेल तर 32 मिमीची नवी मिळते, जुनी सोबत नेऊन पट्टे जुळवून घ्या.
दानासाठी दोन पाकिटं करा. चर्चचं ताटात. दुसरं ध्वजदिन निधीचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेऊन पावती घ्या. हा निधी 7 डिसेंबरपुरता नसतो, वर्षभर घेतात. ताटात एकत्र टाकलंत तर मंडळीच्या हिशेबात मिसळतं आणि खजिनदाराला नंतर ते वेगळं काढायला समितीचा ठराव लागतो.
गोल मेडल पुसण्याआधी कडेवर बोट फिरवून बघा. तिथं बहुतेक वेळा त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. ब्रासोनं सगळ्यात आधी तेच जातं.