फक्त सवाईच कशाला?
डिसेंबरात सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व शास्त्रीय संगीत महोत्सवाला, आलात तरच पुणं कळतं, एरवी इथे बघण्याऐकण्यासारखं काही नसतं, असं वर लिहिलंय ते काही पटलं नाही बुवा. सवाई भारीच, पण गणपतीच्या आधीचा एखादा रविवार काढून बघा. सकाळी शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय, तिथे दिवे आणि अडकित्ते बघून पळू नका, वाद्यांचं दालन निवांत बघा, आणि कोथरूडहून आणून परत उभा केलेला मस्तानी महालही. दुपारी बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात डोकवा, बहुतेक वेळा काही ना काही लागलेलं असतंच.

आणि संध्याकाळी मुठेच्या नदीपात्रात गणपतीच्या मिरवणुकांसाठी ढोलपथकांचा सराव, हे इथे कोणीच कसं लिहिलं नाही? तिकीट नाही काही नाही, पोरंपोरी आधी दोऱ्या खेचून ढोल ताणत बसतात, बोटांना चिकटपट्ट्या, मग ताशा कडकडला की सगळी टिपरं एकदम पडतात आणि छातीत धडधडतं (आसपास राहणाऱ्यांचं मत वेगळं असणार, ते सोडा). फक्त खडकवासला धरणातून पाणी सोडलं असेल तर पात्रातला रस्ता बंद असतो, तेवढं बघून निघा.