सगळेच इनुयाशा नसतात हो!

खवीस_नवशिका:
परवा ॲनिमेच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की जपानी लोककथांत माणूस आणि योकाई (भुतंखेतं, मायावी प्राणी) यांचं पोर म्हणजे जन्मतःच कमनशिबी, ना इकडचं ना तिकडचं, आणि पुरावा काय तर इनुयाशा, म्हणजे जपानी कॉमिकमधला (मांगातला) अर्धा माणूस अर्धा योकाई हिरो. अरे बाबा, ती रुमिको ताकाहाशींची मांगा १९९६ ला सुरू झाली! जुनं काहीतरी वाचा की. जुन्या काळचा नामांकित दरबारी मांत्रिक-ज्योतिषी आबे नो सेइमेई, दंतकथेत त्याची आई कुझुनोहा, शिनोदाच्या रानातली कोल्हीण, म्हणून त्याला कुणी वाळीत टाकलं का? उलट एवढी विद्या आईकडून आली म्हणून कौतुकच. मिनो प्रांतातल्या कोल्हिणीचा पोरगा तर अचाट ताकदीचा, पक्ष्यासारखा पळणारा, पुढे एका घराण्याचा मूळपुरुष झाला. आणि कोजिकी या जुन्या पुराणग्रंथात (इ.स. ७१२) पहिला सम्राट जिम्मू याची आजी तोयोतामा-हिमे बाळंतपणात चक्क वानी होते, मगर म्हणा शार्क म्हणा. मग राजघराण्याला पण आयडेंटिटी क्रायसिस का?

मुळामुठा:
जरा दमानं. सेइमेई गेला १००५ ला. कुझुनोहाला गाजवलं ते १७३४ च्या बाहुली-नाटकाने. सातशे वर्षांनी चिकटलेल्या गोष्टीवर तुम्ही 'जुनी परंपरा' म्हणून नाचताय.

खवीस_नवशिका:
नाटकाच्या आधीही गोष्ट लोकांत होतीच, नाटककाराने स्वप्नात नाही पाहिली. आणि मिनोची कथा नवव्या शतकातल्या निहोन र्योइकी या कथासंग्रहात आहे, त्याचं काय?

मुळामुठा:
बरं, मिनो तुमची. पण आया कुठे जातात ते सांगा ना. नवरा डोकावला म्हणून तोयोतामा-हिमे लाजेने समुद्राची वाट बंद करून गेली. काबुकी नाटकात कुझुनोहा पोराला कडेवर घेऊन शोजीवर (कागदी सरकत्या दारावर) निरोपाची कविता लिहिते, हात अडकले की ब्रश तोंडात धरून. रडू येतं बघताना. म्हणे कमनशिबी नाहीत!

खवीस_नवशिका:
दुःख आईचं आहे, पोराच्या रक्ताला कुणी नावं ठेवत नाही. हाच तर मुद्दा आहे, वाचताय ना?

चहा_बिस्किट:
मग 'डीमन स्लेयर' ॲनिमेतली नेझुको पण हाफच ना?

मुळामुठा:
नाही. ती जन्माने माणूसच, राक्षसांचा म्होरक्या मुझान याच्या रक्ताने ओनी (राक्षस) झाली. गाडी रुळावर ठेवा.

ओसाकाकर:
मी किता-शिनोदा स्टेशनला उतरून कुझुनोहाच्या देवळात जाऊन आलोय. ओसाकात कामाला आहे, घरून जवळ पडतं. तळलेलं टोफू कोल्ह्याला आवडतं म्हणे, म्हणून तसल्या पदार्थांना शिनोदा म्हणतात. बाहेर येऊन कित्सुने उडॉन (तळलेलं टोफू घातलेल्या जाड शेवयांचं सूप) हाणला, झकास!

शुद्ध_शाकाहारी:
झकास?? त्यातली दाशी, म्हणजे सूपचा मूळ अर्क, माशाची असते! मी जपानात आल्या आल्या एका हॉटेलात तीनतीनदा 'नो फिश' सांगितलं, वाढणारा हसून 'हाय हाय' (हो हो) म्हणाला, मी अख्खा बाऊल प्यायलो आणि रूमवर आल्यावर कळलं की त्यात कात्सुओबुशी (सुक्या माशाचा कीस) होतं. आईला आजतागायत सांगितलेलं नाही.

ओसाकाकर:
तुकडा नव्हता ना? मग झालं.

शुद्ध_शाकाहारी:
'मग झालं'? तुमच्यासारख्यांमुळेच आमची फसवणूक होते. मटणाचा रस्सा वाढून 'पीस नाही घातले' म्हणाल उद्या.

चहा_बिस्किट:
कोम्बूची (समुद्री शेवाळाची) दाशी मागा की. बौद्ध मठांतलं जेवण तसंच असतं.

शुद्ध_शाकाहारी:
रात्री दहाला ऑफिसमधून सुटल्यावर मठ शोधू?

खवीस_नवशिका:
अहो, धागा कशावर आहे! उडॉनचा वेगळा काढा.

मुळामुठा:
राहू द्या, तुमच्या सेइमेईपेक्षा इथे जास्त जीव आहे. आणि घ्या, दिलं: जुन्या कथांत संकर पोराला कलंक नाही. हान्यो (अर्धा योकाई) म्हणून दोन्हीकडून हिडीसफिडीस होणारा हिरो आपल्याच काळाची आवड. पण आईविना वाढणं काही तुमच्या विद्येने भरून निघत नाही. खूश?

खवीस_नवशिका:
एवढ्या कुंथून दिलेलं कुणाला हवंय. ठेवा तुमच्याकडेच.

शुद्ध_शाकाहारी:
इनारी सुशी (तळलेल्या टोफूत भरलेला भात) तरी चालते ना हो? गोड असते ती.

ओसाकाकर:
त्यातलं टोफूपण बऱ्याचदा दाशीतच शिजवतात. सॉरी 😬