अंकाऱ्याने नाकारलेला वास्तुरचनाकार, इस्लामाबादची फैसल मशीद आणि घुमटाचा आग्रह

मूळ मांडणी

तुर्की वास्तुरचनाकार वेदात दालोकाय यांनी दोन राजधान्यांसाठी मशिदींचे आराखडे केले. अंकाऱ्यातील कोजातेपे मशिदीसाठी १९५७ साली झालेल्या स्पर्धेत नेजात तेकेलिओलू यांच्यासह त्यांनी केलेला, पातळ काँक्रीटच्या कवचाचे छत असलेला आराखडा निवडला गेला. बांधकाम सुरूही झाले. मात्र ही रचना फारच आधुनिक आहे अशी टीका वाढत गेली आणि घातलेला पाया अखेर उखडण्यात आला. त्या जागी १९६७ ते १९८७ या काळात हुसरेव तायला आणि फातिन उलुएंगिन यांच्या आराखड्यानुसार जी मशीद उभी राहिली, तिला मधोमध मोठा घुमट, भोवती अर्धघुमट आणि चार कोपऱ्यांत ८८ मीटर उंचीचे मिनार आहेत. थोडक्यात, ती सोळाव्या शतकातील उस्मानी (ऑटोमन तुर्की) मशिदींच्या धर्तीवर बांधलेली आहे.

दालोकाय यांनी १९६९ मध्ये इस्लामाबादच्या मशिदीसाठीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. सौदी अरेबियाचे राजे फैसल यांनी १९६६ च्या पाकिस्तान भेटीत या मशिदीच्या कल्पनेला पाठबळ दिले होते आणि खर्चाचा भारही त्यांच्या देशाने उचलला. १९७५ मध्ये राजांची हत्या झाली, पुढच्या वर्षी बांधकामाला सुरुवात झाली आणि १९८६ मध्ये मशीद पूर्ण झाली. तिला नाव त्यांचेच आहे.

माझे मत असे आहे की इस्लामाबादची मशीद ही विसाव्या शतकातील अत्यंत प्रामाणिक धार्मिक वास्तूंपैकी एक आहे. मर्गल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी, शहराच्या उत्तर टोकाला, काँक्रीटचे तिरके पांढरे पृष्ठभाग एकमेकांना टेकून उभे आहेत. अरबी वाळवंटातील बेदुईन भटक्यांच्या तंबूची आठवण करून देणारे हे अष्टकोनी छत मधल्या एकाही खांबाचा आधार न घेता प्रार्थनागृहावर पसरले आहे. मागचे डोंगर आणि पुढचे छत यांच्या उतारांत एक नाते दिसते, आणि त्यामुळे एवढी मोठी वास्तूसुद्धा त्या भूमीवर लादलेली वाटत नाही. मशिदीला घुमट हवाच, असे धर्म सांगत नाही. मदिनेतील प्रेषित मुहंमदांच्या मूळ मशिदीचे छत खजुराच्या खोडांवर आणि झावळ्यांवर पेललेले होते. घुमट पुढे आला तो विटा-दगडांच्या काळात मोठी जागा खांबांविना झाकण्याचा उपाय म्हणून. काँक्रीटने दुसरा उपाय हाती दिल्यावर जुनाच आकार गिरवत राहणे म्हणजे परंपरेच्या बाह्यरूपाला तिचा आत्मा समजणे होय.

प्रतिसाद १

आपण घुमटाकडे केवळ बांधकामाची युक्ती म्हणून पाहता, हे मला मान्य नाही. एखादा आकार शेकडो वर्षे प्रार्थनेशी जोडला गेला की तो युक्ती राहत नाही, तो ओळख होतो. लांबून घुमट दिसताच तिथे मशीद आहे हे निरक्षर वाटसरूलाही कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फैसल मशीद त्या भूमीची आहे, असे आपण सुचवता. पण तंबू अरबी वाळवंटातला, टोकदार पेन्सिलीसारखे मिनार तुर्कस्तानातले आणि पैसा सौदी अरेबियाचा. लाहोरची बादशाही मशीद १६७३ मध्ये पूर्ण झाली. तिचे लाल दगडी अंगण आणि संगमरवरी घुमट, किंवा सिंधमधील ठट्ट्याच्या मशिदीचे निळे चिनी मातीचे काम, हे सारे हाताशी असताना नव्या राजधानीच्या मुख्य मशिदीत त्याचा मागमूसही असू नये, याला मी प्रामाणिकपणा कसा म्हणू?

प्रतिसाद २

वरील प्रतिसादात एक दुरुस्ती सुचवतो. स्थानिक हात अगदीच नाही असे नाही. आतील पश्चिमेच्या भिंतीवर चित्रकार सादेकैन यांनी कूफी या कोनदार अरबी लिपीत साकारलेला कलमा (इस्लामवरील श्रद्धेचे वचन) आहे आणि ते पाकिस्तानचेच होते. तरीही रचनेचा सांगाडा बाहेरचा आहे, हा मूळ मुद्दा मला पटतो.

धागाकर्त्याचे उत्तर

लाहोरचा दाखला योग्य आहे, परंतु बादशाही मशीदही मुघलांनी इराण आणि मध्य आशियातून आणलेल्या आकारांतूनच घडली. बाहेरून आलेले रूप त्या मातीत रुजायला काळ जावा लागतो, आणि फैसल मशिदीला तो आत्ता कुठे मिळू लागला आहे.

ओळखीच्या मुद्द्यावर मात्र मी ठाम आहे. कोजातेपेची मशीदही काँक्रीटचीच आहे; तिच्या खाली मोठा बाजार आणि वाहनतळ आहे. दगडाच्या ओझ्यातून जन्मलेला आकार, ते ओझे ज्याला नाही अशा सामग्रीत ओतला गेला आहे. सोळाव्या शतकातील उस्मानी वास्तुरचनाकार सिनानने तुर्कस्तानातील एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत आठ खांबांवर सुमारे ३१ मीटर व्यासाचा घुमट पेलला, तेव्हा तो पूर्वसुरींची नक्कल करत नव्हता, त्यांच्या पुढे जात होता. सिनानचा खरा वारस मला दालोकाय वाटतो. ज्या अंकाऱ्याने त्याचा पाया उखडला, त्याच शहराने १९७३ मध्ये त्याला महापौर म्हणून निवडून दिले, हेही विसरू नये.

प्रतिसाद १ लिहिणाऱ्याचे पुन्हा उत्तर

सिनानचा मुद्दा मी स्वीकारतो. कोजातेपेची मशीद हे अनुकरण आहे, हेही स्वीकारतो. पण अंकाऱ्यात आक्षेप घेणाऱ्यांत तिथे नमाज पढणारे लोकही होते आणि त्यांचे म्हणणे ऐकले गेले. इस्लामाबादमध्ये आराखडा लष्करी राजवटीच्या काळात परीक्षक मंडळाने निवडला आणि मशीद पूर्ण झाली तेव्हा सत्तेवर लष्करशहा झिया-उल-हक होते. त्यांची कबरही १९८८ पासून त्याच मशिदीच्या आवारात आहे. तिथल्या सामान्य नमाजीला कोणते छत हवे होते, हे त्याला कोणी विचारले नाही. वास्तू सुंदर आहे एवढ्यावरून ही उणीव भरून निघत नाही, आणि आपल्या मांडणीत तिचा उल्लेखही नाही.