सलूनचं पातं, सीटवरचा डाग आणि एचआयव्हीची धास्ती: किती वेळा समजवायचं?

कोपरखैरणेकर:
धाकट्या भावासाठी विचारतोय, वय २६. सलूनमध्ये मानेला वस्तरा जरासा लागला, तेव्हापासून एचआयव्हीची भीती बसलीय. सात आठवड्यांनी केलेली फोर्थ जनरेशन टेस्ट निगेटिव्ह आली. तरी त्यानंतर आणखी दोनदा केली. आता ट्रेनच्या सीटवरचा लाल डाग, पाणीपुरीवाल्याच्या बोटाची पट्टी, डास, सगळ्यातच एचआयव्ही. दिवसातून दहा वेळा "मला काही होणार नाही ना?" काय करावं?

लॅबवाला:
एकदाच नीट सांगतो. दवाखान्यात एचआयव्हीबाधित रुग्णाच्या ताज्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तरी लागण होण्याचं प्रमाण हजारात साधारण तीन. तिथे पोकळ नळीत रक्त साठलेलं असतं. वस्तऱ्याच्या पात्याला नळीच नाही, आणि रक्त वाळलं की हा विषाणू झपाट्याने निकामी होतो. डासाच्या शरीरात तो वाढत नाही. शिवाय डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी प्यायलेलं रक्त नाही. थुंकी, घाम, पाणीपुरीचं पाणी, यातून तर प्रश्नच नाही.

सलूनमध्ये अर्धं पातं समोर नवीन लावून घ्यावं, ते मुख्यतः हेपॅटायटिस बीसाठी. त्याची लस मिळते.

टेस्टबद्दल: फोर्थ जनरेशनमध्ये पी२४ अँटिजेन (विषाणूचाच एक भाग) आणि अँटिबॉडी (शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रथिनं) दोन्ही शोधतात. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन केलेली ही टेस्ट ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह, म्हणजे त्या प्रसंगापुरता विषय मिटला. सात आठवडे म्हणजे ४९ दिवस. पुढच्या दोन टेस्टचे पैसे वाया गेले.

खाडीपलीकडे:
सीटवरचा लाल डाग बहुधा गुटख्याची पिचकारी असते. रक्त वाळलं की तपकिरी-काळं पडतं. रंग बघायला सांगा, सुटेल.

मनोमन:
खाडीपलीकडे, माहिती बरोबर, पण कृपया हे त्याला शिकवू नका. उद्यापासून तो प्रत्येक सीट वाकून तपासेल. रक्त असो की पान, बसायचं, एवढंच.

कोपरखैरणेकर, हे वर्णन ओसीडीसारखं वाटतंय, म्हणजे नको ते विचार सतत येणं आणि ते शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा करणं. निदान डॉक्टरच करतील. पण त्याला माहिती कमी पडत नाहीये. "काही होणार नाही" ऐकलं की दहा मिनिटं बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की बरं वाटायला विचारावंच लागतं. टेस्टचंही तेच. मानेतल्या गाठी चाचपत असेल तर त्या चाचपून चाचपूनच दुखतात, मग दुखतात म्हणून नवी भीती. सॅनिटायझर चोळून हातांना भेगा, मग "भेगेतून गेलं असेल तर?"

यावर ईआरपी नावाची थेरपी असते, म्हणजे भीतीला मुद्दाम सामोरं जायचं पण धुणं, विचारणं टाळायचं. साधारण १२ ते २० सत्रं. भीतीच्या दहा-बारा गोष्टी लिहून प्रत्येकीला ० ते १०० गुण द्यायचे. सुरुवात ३०-४० वाल्यापासून. उदाहरणार्थ, ठाणे-वाशी ट्रेनमध्ये दांडा धरायचा आणि तासभर हात धुवायचे नाहीत. दर दहा मिनिटांनी अस्वस्थता किती ते लिहायचं. आकडा उतरो न उतरो, धुवायचं नाही. रोज तेच, सोपं वाटेपर्यंत, मग पुढची पायरी. जेवणाआधी साबणाने एकदा, २० सेकंद. त्याला बंदी नाही.

फसतं ते इथे: खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली, किंवा दांडा धरून मनातल्या मनात "वाळलं की मरतो, वाळलं की मरतो" असा जप. तो जपही हात धुण्यासारखाच. लॅबवाल्यांचा प्रतिसाद त्याला एकदाच दाखवा. स्क्रीनशॉट काढून ठेवला तर त्याचाही जप होईल.

डॉक्टरांनी एसएसआरआय गटाची (नैराश्यातही देतात ती) गोळी दिली तर ओसीडीत गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो. तीन आठवड्यांत "फरक नाही" म्हणून सोडणारे फार.

कोपरखैरणेकर:
पटलं. पण आई लगेच "नाही रे बाळा" म्हणून मोकळी होते. गप्प बसलं तर तो चिडतो.

मनोमन:
अचानक गप्प बसू नका. तो शांत असताना तिघांनी बसून आधीच ठरवा. पहिल्या आठवड्यात दिवसाला पाच उत्तरं, दुसऱ्यात तीन, मग एक, मग शून्य. कोटा संपला की आईंनी एकच वाक्य म्हणायचं: "भीती वाटतेय हे कळतंय, पण याचं उत्तर देऊन झालंय." त्यानंतर चहा, बाजार, काहीही बोला. आईंनी उत्तर दिलं नाही की तो तुम्हाला फोन करेल, म्हणून तुमचंही वाक्य तेच हवं. पहिले काही दिवस विचारणं वाढेल. तिथेच बहुतेक घरं माघार घेतात.

लॅबवाला:
एक भर. खरी जोखीम म्हणजे कंडोमशिवाय संबंध, किंवा दुसऱ्याने वापरलेली सुई-सिरिंज. तसं घडलं तर जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. पीईपीच्या, म्हणजे लागण टाळण्यासाठी प्रसंगानंतर घ्यायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, कोर्स २८ दिवसांचा. सलूनच्या ओरखड्यासाठी त्या नाहीत.

टेस्ट कधी खरंच लागलीच तर वाशीचं पालिका रुग्णालय किंवा कळव्याचं शिवाजी रुग्णालय, तिथल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात) मोफत होते, नाव गुप्त राहतं. एचआयव्हीची हेल्पलाइन १०९७, मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलता येतं. भावाला दुसरा नंबर द्या. पहिला दिलात तर रोज लावेल.