दंडाच्या धाकाने इन्शुरन्स घ्यायला लावणं कितपत बरोबर? (न्यू जर्सी)

एडिसनकर:
मंडळी नमस्कार. ऑगस्टमध्ये नोकरी सोडून स्वतःची छोटी कन्सल्टन्सी सुरू केली. डिसेंबरपर्यंत कोब्रावर (जुन्या कंपनीचाच इन्शुरन्स, पण पूर्ण प्रीमियम आपणच भरायचा) कसंबसं निभावलं आणि आता पहिल्यांदाच मार्केटप्लेसवरून, म्हणजे वैयक्तिक प्लॅनच्या सरकारी बाजारातून, इन्शुरन्स घ्यायची वेळ आलीय. आम्ही दोघं चाळिशीतले, दोन मुलं. त्यातल्या त्यात स्वस्त ब्रॉन्झ प्लॅन महिना १,९०० डॉलरच्या आसपास आणि वर डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम, माणशी काही हजार. म्हणजे वर्षाला बावीस-तेवीस हजार भरायचे आणि डॉक्टरकडे गेलं की परत खिशातूनच द्यायचे. केंद्राची वाढीव सबसिडी २०२५ बरोबर संपली, त्यामुळे तिकडूनही काही नाही. घेतलाच नाही तर केंद्राचा दंड २०१९ पासून शून्य आहे, पण न्यू जर्सीने त्याच वर्षापासून स्वतःचा लावलाय, राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये वसूल करतात. त्यात माझा गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी एमआरआय सांगितलाय. मला प्रामाणिकपणे समजून घ्यायचंय, एखादी वस्तू विकत घेतलीच पाहिजे असं सरकारने का सांगावं? आणि सक्ती करूनही ती इतकी महाग कशी?

ओहायोचा पाव्हणा:
दादा, राग रास्त आहे तुमचा, पण मुळाशी जाऊन बघा. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ला, सरकारने पगारवाढ गोठवली, मग कंपन्यांनी माणसं टिकवायला पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली आणि १९५४ च्या टॅक्स कायद्याने त्याची करमाफी पक्की केली. तिथून पुढे बिल भरणारा तिसराच, पेशंटला भाव माहीतच नाही आणि डॉक्टरलाही सांगायची गरज नाही. आणि वर लोक म्हणतात अमेरिकेत आरोग्याचा बाजार फसला. अहो, बाजार होता कुठे?

२०१० च्या कायद्याने, म्हणजे ओबामाकेअरने, याच घोळावर अजून थर चढवले. साठीतल्या माणसाला विशीतल्यापेक्षा तिपटीहून जास्त प्रीमियम लावता येत नाही, प्रत्यक्ष खर्चातला फरक मात्र पाचपटीच्या घरात असतो. हा फरक कोण भरतं? नुकती नोकरी लागलेलं पोरगं, ज्याच्याकडे घरही नाही आणि डोक्यावर कॉलेजचं कर्ज आहे. ते पोरगं साहजिकच म्हणतं मला नको, आणि ते पळालं की उरलेल्यांचा प्रीमियम चढतो, म्हणून मग सक्ती. म्हणजे आधी कायद्याने वस्तू महाग केली आणि ती कोणी घेईना म्हणून घ्यायची सक्ती केली. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. मदत करायचीय ना, मग सगळ्यांच्या टॅक्समधून उघडपणे करा, पोराच्या प्रीमियममध्ये लपवून कशाला?

आणखी एक, वैयक्तिक प्लॅनच्या प्रीमियममधले किमान ८० टक्के उपचारांवर खर्च झाले पाहिजेत असा नियम आहे. ऐकायला छान, पण कंपनीला उरतात २० टक्के, आणि २० टक्क्यांची रक्कम वाढवायची तर मूळ आकडाच वाढायला हवा. बिलं कमी करण्यात कंपनीला गोडी राहील कशी?

२०१२ ला ही सक्ती सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा जस्टिस स्कालियांनी विचारलं होतं की मग उद्या ब्रोकोली घ्यायला लावाल का. निकाल ५ विरुद्ध ४ लागला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले राज्यघटनेने केंद्राला व्यापाराचं नियमन करायचा जो अधिकार दिलाय त्याखाली अशी सक्ती करता येत नाही, पण दंड हा टॅक्स धरला तर चालतो. आणि आमच्या, म्हणजे उजव्या, बाजूच्या लोकांनीही लक्षात ठेवावं, सक्तीची कल्पना १९८९ ला हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारसंस्थेनेच मांडली होती आणि २००६ ला मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर रॉम्नींनी ती राबवली. कुणी का आणेना, चूक ती चूकच.

सांगलीची लेक, ह्यूस्टन:
पाव्हणे, तुमचं म्हणणं कागदावर पटतं, पण आमच्यावर बेतलं होतं म्हणून लिहितेय. २०१२ ला माझ्या मिस्टरांची नोकरी गेली तेव्हा त्यांना एक स्टेंट बसलेला होता. दोन कंपन्यांनी सरळ नकार दिला. राज्याच्या हाय-रिस्क पूलमध्ये, म्हणजे कंपन्यांनी नाकारलेल्या आजारी लोकांसाठीच्या वेगळ्या योजनेत, प्रीमियम नेहमीच्या दुप्पट. पाच महिने आम्ही इन्शुरन्सशिवाय काढले, रात्री त्यांना जरा ॲसिडिटी झाली तरी मी उठून बसायचे. २०१४ ला त्याच २०१० च्या कायद्यामुळे नकार देणं बंद झालं तेव्हा कुठे झोप लागली. आणि दादा तुम्ही न्यू जर्सीतच आहात, तिथला जुना अनुभव विचारा ना. १९९३ पासून तिथे आजारी माणसालाही प्लॅन द्यावाच लागायचा, पण सक्ती नव्हती. निरोगी लोक निघून गेले, प्रीमियम आभाळाला भिडले.

ओहायोचा पाव्हणा:
ताई, तुमच्यावर जे गुजरलं ते कुणावरही येऊ नये, आणि न्यू जर्सीचं उदाहरण अगदी बरोबर आहे. पण मी त्यातून उलटा अर्थ काढतो. सगळ्यांना एकच भाव लावला म्हणून निरोगी लोक गेले. मिस्टरांसारख्या माणसांसाठी पूल असायलाच हवा, आणि त्यात सरकारने भरपूर पैसा ओतायला हवा होता. सुमारे ३५ राज्यांत पूल होते, पण पैसा कायम तुटपुंजा, तिथे आमच्या विचाराचे नेते कमी पडले हे मान्य करतो. नोकरीला बांधलेला इन्शुरन्स नसता तर नोकरीबरोबर तो गेलाही नसता, हेही बघा.

बिलिंगवाली, पार्सिपनी:
अकरा वर्षं मेडिकल बिलिंगमध्ये आहे, तेवढ्यापुरतं बोलते. गेल्या महिन्यातली एक फाइल, गुडघ्याचाच एमआरआय. हॉस्पिटलचं बिल २,८४० डॉलर, इन्शुरन्सशी ठरलेला भाव १,१६०, आणि डिडक्टिबल भरलेलं नाही म्हणून ते सगळे १,१६० पेशंटच्याच माथी. त्याच रस्त्यावर दोन मैलांवरच्या स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये रोख भाव ४२५. पेशंटला हे कुणी सांगितलंच नाही, कारण कार्ड दाखवलं की भाव विचारायचा नसतो अशी सवय लागलीय. आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं तरी आई-बाबा आधी तीन ठिकाणी पॅकेज विचारून येतात. इथे ओक्लाहोमात एक सर्जरी सेंटर कित्येक वर्षं सगळे भाव वेबसाइटवर टाकतंय, ऑपरेशन, भूल, सगळं धरून एकच आकडा. मग बाकीच्यांना काय अडचण? पण नवीन कोणी येणार कुठून? २०१० च्याच कायद्याने डॉक्टरांच्या मालकीच्या नव्या हॉस्पिटलांना मेडिकेअरचे (ज्येष्ठांच्या सरकारी इन्शुरन्सचे) पेशंट घेणं बंद केलं, आणि बऱ्याच राज्यांत नवं हॉस्पिटल काढायला आधी गरज सिद्ध करून परवानगी आणावी लागते, त्यावर शेजारचं मोठं हॉस्पिटलच हरकत घेतं. सक्तीवर एवढा वाद होतो, पण खरा पैसा इथे अडकलाय.

दादा, तुमच्यासाठी: २०२६ पासून मार्केटप्लेसचे ब्रॉन्झ प्लॅन एचएसएला, म्हणजे उपचारांसाठीच्या करसवलतीच्या बचत खात्याला, चालतात. २०२६ साठी कुटुंबाला ८,७५० डॉलरपर्यंत केंद्राच्या टॅक्सपुरते करमुक्त ठेवता येतात आणि न वापरलेले तुमचेच राहतात. प्लॅन नकोसा वाटला तरी घ्या, गंभीर आजाराचं बिल कन्सल्टन्सी गिळून टाकेल. २०२६ च्या प्लॅनसाठी ३१ जानेवारी शेवटची तारीख आहे.

एडिसनकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. सक्ती मला अजूनही पटत नाही, पण ताईंचं वाचून बायको म्हणाली आजच फॉर्म भर. भरतो. एमआरआयसाठी इमेजिंग सेंटरला फोन केला तर ते कोड विचारतात, तो कुठे मिळेल?

बिलिंगवाली, पार्सिपनी:
डॉक्टरांच्या ऑर्डरवर पाच आकडी सीपीटी कोड, म्हणजे त्या तपासणीचा ठरलेला नंबर, असतो. काँट्रास्टशिवाय (रंगद्रव्य न टोचता) गुडघा असेल तर ७३७२१. रोखीचा भाव विचारा, आणि रिपोर्ट वाचायची रेडिओलॉजिस्टची फी त्यात धरलीय का तेही विचारा, नाहीतर ते बिल महिन्याने वेगळं येतं. एक लक्षात घ्या, रोखीने दिलेले पैसे बहुतेक प्लॅन डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत.